टाकीतला समुद्र आणि माझी अडलेली रजा

तीर्थरूप आईस,

लेकीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? ("ठीक" असं लिहून पाठवू नकोस, जिने किती चढतेस ते लिही.) मी खुशाल आहे. पाणी मात्र खुशाल नाही, आणि माझी रजा त्याच्यावरच अडली आहे.

आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही रसायनशास्त्राची, म्हणून तू सगळ्यांना सांगतेस की पोरगी शास्त्रज्ञ आहे. तर तुझी शास्त्रज्ञ दातांच्या दवाखान्यात, रोगी ताटकळतात त्या खोलीत, खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी सांभाळते. दोन नारिंगी मासे आणि एक कोळंबी. मासे पाहून रोग्यांची भीती जाते, असं डॉक्टरीणबाईंचं मत. (ती भीती माझ्याकडे आली.) रजा मागितली तर म्हणाल्या, "सलग तीन आठवडे पाणी ठीक ठेव आणि खुशाल जा." म्हटलं, एवढंच ना!

पहिल्याच रविवारी मी तुझी मुलगी शोभले. टाकीतले दगड बुळबुळीत, गाळणीचा स्पंज तपकिरी. घासलं नाही तर धुतलं म्हणू नये, ही तुझी शिकवण. दगड ब्रशने खरवडले, स्पंज उकळला, सगळं लख्ख! तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन आ वासू लागले, अगदी आतल्या खुर्चीतल्या रोग्यांसारखे. परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले तर पाणी हिरवंगार, म्हणजे अमोनिया. माशांची घाण पचवणारे जीवाणू त्या बुळबुळीतच राहतात आणि मी त्यांचं अख्खं गाव उकळलं होतं. (हे उत्तर परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते, आई!) रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिले, गाव पुन्हा वसायला दीड महिना गेला.

मग मोजणी एकपासून. पाणी आटलेलं दिसलं की मी मायेनं खारं पाणी ओतायची. पण आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. वरून गोडंच घालायला हवं. अठराव्या दिवशी कोळंबी कोपऱ्यात रुसून बसली. फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय गं, मासे जिवंतपणीच खारवतेस का?" पुन्हा एकपासून.

आता घाई सोडली आहे. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी टाकीपुढे बसून थेंब मोजते. पाणी पडल्याचा आवाज येतो आणि मला आपली मोरी आठवते, बादली भरता भरता तू माझ्यावर ओरडायचीस ती. इथे सगळे फार चांगले वागतात. नऊ महिन्यांत कुणी मला एकदासुद्धा "केस विंचर" म्हटलेलं नाही. फार वाईट वाटतं गं.

तुझी,
शास्त्रज्ञ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात काल एकवीस दिवस पूर्ण झाले! रजा मंजूर. वरचं रडगाणं खोडत नाही, पान खराब दिसेल.

ता. क. २. फक्त रजेचे चार दिवस टाकी कोण पाहणार, हा प्रश्न होता. भरवशाचं एकच माणूस सुचलं, तू. डॉक्टरीणबाईंनाही पसंत आहे.

ता. क. ३. तिकिटाच्या रांगेत उभी राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तू इकडे आलीस तर मी तिकडे येऊन काय कुलपाला भेटू? तेव्हा मी येत नाही, तूच ये. चार दिवसांचं बोलले आहे. पण परतीचं तिकीट एवढ्यात काढू नकोस.