उजव्या चाकातलं तेल

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या गॅरेजच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानदाराला तिथं कधी गॅरेज होतं हेही ठाऊक नाही. मी अजून आहे. गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. परवा भाच्यानं गाडीला नवे ब्रेक पॅड आणि डिस्क बसवून घेतल्या आणि मला हौसेनं फिरवायला नेलं. पहिल्याच वळणावर ब्रेक असे किंचाळले, की रस्त्यातल्या म्हशीनं मान वळवून बघितलं. भाचा म्हणाला, "मावशी, नवे आहेत, बसतील हळूहळू." मी विचारलं, "कुणाचा तेलाचा हात लागला का त्यांना?" त्याला काय सांगणार, कपाळ! ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. संगमनेरात माझा दवाखाना नवा होता आणि आठवड्यातून दोनदा मी माझी जुनी काळी गाडी घेऊन विठ्याचा घाट चढून वरच्या गावांतल्या गरोदर बायका तपासायला जायची. एकदा घाट उतरताना ब्रेक लागलाच नाही. दुष्काळी कामावर बायकांनी फोडलेल्या खडीचा ढीग कडेला होता, त्यात गाडी घुसली म्हणून मी वाचले. गाडी ओढून तुमच्या गॅरेजात आणल्यावर तुम्ही चाकं उघडलीत आणि माझ्यावर असे डाफरलात, की मेडिकलच्या सरांची काय बिशाद! "बाई, ब्रेकचा लायनर झिजून पार पत्रा घासतोय चाकातल्या ड्रमला. मान्सं तपासता, गाडी कोन तपासनार?" मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे, पण त्या दिवशी मुकाट ऐकलं. तुम्ही चारी चाकांना नवे ड्रम आणि नवे लायनर घातलेत.

गाडी बरी झाली, मी नाही झाले. स्टेअरिंग धरलं की तळहात घामेजायचे. त्याच आठवड्यात एका पेशंटची सासू शनिशिंगणापूरला जाऊन आली आणि देवाला वाहून उरलेल्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "गाडीच्या चाकावर घाला, बाई. पुन्यांदा काय इपरीत व्हायचं न्हाई." भर दवाखान्यात मी तिला झापलं. आमचं घर ख्रिस्ती, आई दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आणि मी शिकलेली डॉक्टर. हे सगळं तिला ऐकवलं. आणि दुपारी कंपाउंडर जेवायला गेल्यावर काय केलं? बाटली उचलली, पुढच्या उजव्या चाकाची पत्र्याची टोपी काढली आणि सगळी बाटली तिथं उपडी केली. मी उजवीकडे बसते म्हणून तेच चाक. लाजेनं कान तापले होते. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून हाताचा घाम थांबला.

दोनच दिवसांत ब्रेक ओरडायला लागले. दाबले की गाडी एका अंगाला ओढायची. तुम्ही म्हणालात, लायनर नवे हायेत, चार दिवस चालू द्या. चार दिवसांनी आवाज वाढलेला. शनिवारी परत आले, तेव्हा तुम्ही शांतपणे विचारायला लागलात: जोरात दाबल्यावर वरडतो का हळू? सकाळी थंड आसताना का तापल्यावर? मी माझ्या पेशंटना इतकं विचारत नाही, असं वाटून ओशाळले. मग तुम्ही विचारलंत, "चाकाला काय तेलबिल लागलं का?" मी म्हटलं, "छे! मला काय कळत नाही का?" आणि वर ठणकावून सांगितलं, की आवाज डावीकडून येतोय. मला खरंच तसा ऐकू येत होता. डॉक्टरीणबाई सांगतायत म्हटल्यावर तुम्ही डावं चाक उघडलंत, धूळ झटकलीत, लायनरच्या कडा कानशीनं घासल्यात, स्प्रिंगा बदलल्यात. निघाले, तर कोपऱ्यावरच ब्रेक पुन्हा बोंबलले.

मंगळवारी मी तिसऱ्यांदा दारात उभी. समोरचे टांगेवाले दात काढत होते, "आली बघा मिस्त्रीची बँडबाजावाली!" एरवी तुम्ही त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी नुसते बाकावर बसलात, हात पालथे करून बघितलेत, उताणे करून बघितलेत. "बाई, हात गेला माझा. मानूस मेला आसता ह्या हातानं. पोराला म्हनलोय, दिवाळीपातूर बंद करू." मी म्हटलं, "असं काय बोलता, मिस्त्री?" एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य ओठावर आलं होतं, ते गिळलं.

तुम्ही उठलात. "उजवं तेवढं बघतो, मंग सोडतो." ड्रम निघाला. लायनर काळाभोर, चकचकीत. तुम्ही बोट फिरवलंत, नाकाशी नेलंत, पुन्हा नेलंत. "ब्रेकचं आईल न्हाई हे. तिळाचं तेल हाय!" आणि माझ्याकडे बघितलंत. माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनं ओतलं असेल." देवा रे! माझी आई! रविवारी तिच्या गाण्याचा आवाज तुमच्या गॅरेजपर्यंत यायचा. तुमची पापणीसुद्धा हलली नाही. "आसंल, आसंल. म्हातारी मान्सं." आणि मग तुम्ही जे हसायला लागलात! फडक्यानं डोळे पुसत, टांगेवाल्यांकडे हात नाचवत, "हात हाय रं माझा! हाय हात!" त्या टवाळांनाही चहा पाजलात. मला इतकं हलकं वाटलं, की तो गुळमट चहा मी दोन कप प्याले. नवे लायनर घालून, ड्रम पेट्रोलनं धुऊन तुम्ही गाडी दिलीत आणि दुसऱ्याच दिवशी मी घाट चढून उतरून आले. ब्रेक हूं का चूं करत नव्हते. उतारावर मी एकटीच मोठ्यानं गात होते, तेही सुरात नाही.

गॅरेज तुम्ही बंद केलं नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं माझी गाडी तुमच्याच हाताखाली होती, आणि तेलाचा विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत. ते कुणी ओतलं, हे तुम्ही त्याच दिवशी ओळखलं होतंत. तेवढंच सांगायला पत्र कशाला लिहिलं असतं? हे घालायला पेटी नाही, पत्ता नाही, म्हणूनच धीर झाला. लिहिता लिहिता बरं वाटतंय. मिस्त्री, तुम्ही डावं चाक उघडलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चला निघताना मला उजव्या चाकावरून खाली आलेला तेलाचा ओघळ दिसला होता. मंगळवारी तुमच्याकडे यायच्या आधी मी तो रुमालानं पुसून टाकला.