पडद्यामागची खुर्ची

फिंटन,

स्ट्यू ओव्हनमध्ये आहे, ब्रेड फडक्याखाली. मी चर्चच्या हॉलवर निघालेय. आपल्या मंडळाच्या यंदाच्या विनोदी नाटकात फादरच्या खाष्ट स्वयंपाकिणीचं काम आहे ना, त्याची ऑडिशन आज सहाला. होय, मीच देणार! बावीस वर्षं पडद्यामागे बसून तुम्हा सगळ्यांना विसरलेली वाक्यं पुरवली, आता बघाच म्हणावं. बाकीचे वाचून दाखवतील, मी कागद हातात धरणारसुद्धा नाही. आरशासमोर अशी कडाडले की मांजर पळालं. तुझ्या आईची टोपी नेलीय, रागावू नकोस.

मी अडखळले तर मात्र पुढचं वाक्य सांगायला कुणी नाही. गेल्या वर्षी तू भर नाटकात वाक्यं विसरलास, तेव्हापासून तिकडे फिरकला नाहीस. स्टेजवर नकोच चढूस. पडद्यामागे माझ्या खुर्चीत बस. नाटकाचे कागद आणि ते वाचायला टॉर्च दाराशी ठेवलाय.

डर्व्हला