नावड्याच्या विहिरीचं पाणी

१० जानेवारी १९८३

आला एकदाचा! स्पेक्ट्रोफोटोमीटर — जुना, एका कोपऱ्यात पोचा आलेला, पण आमचा. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्याने नवा घेतला, म्हणून हा आमच्या पनवेलच्या कॉलेजला दिला. प्राचार्य ठोंबरे सर स्वतः पेढे वाटत होते. "मॅडम, आता बी. एस्सी.ची पोरंही संशोधन करतील!" डोळे भरले होते त्यांचे.

११ जानेवारी

दिवा लागला. काटा हलला. वर्गात टाळ्या!

१९ जानेवारी

आज शिकवलं — द्रावणातून किती प्रकाश पलीकडे जातो, त्यावरून आत काय आहे आणि किती, ते कळतं. शेवटच्या वर्षाच्या गोजरा म्हात्रेने हात वर केला. "मॅडम, आमच्या बावीचं पानी आनू? आई बोलते, चव बदललीय."

तिची विहीर नावड्याला, त्याच कारखान्याच्या नाल्याजवळ. म्हटलं, आण की!

२१ जानेवारी

गोजराने आणलेल्या पाण्यात क्रोमियम, रंग बनवायला वापरतात ते. रसायन घालताच पाणी जांभळं झालं. काटा सरकला तो थांबेना. पुन्हा केलं, नव्या नळीत. तेच.

गोजरा शांतपणे आकडे मांडत राहिली. मग म्हणाली, "हे पियालं तर काय होतं?"

उत्तर माहीत होतं. दिलं — विष आहे, यकृत आणि मूत्रपिंडं बिघडतात.

२२ जानेवारी

आकडे पाहून सर भडकले — नाही, घाबरले. "मशीन परत नेतील हो! पोरांचं नुकसान. जरा दमानं घ्या."

काल माझ्याही मनात आधी हेच आलं होतं. लाज वाटते लिहायला.

२५ जानेवारी

सरांना हट्टाने नावड्याला नेलं. गोजराची आई, पुतळाबाई, लगबगीने तांब्या घेऊन आली. "घ्या सर, पानी." मग स्वतःच ओशाळली, हात मागे घेतला. "गोजरा नको बोलते. पन दुसरं कुठून आनू?"

परतताना एस.टी.त सरांनी आकड्यांचा कागद मागून घेतला.

२ फेब्रुवारी

तपासणीचा निकाल ग्रामपंचायतीत दिला. माझ्या सहीने.

८ फेब्रुवारी

कारखान्यातून फोन — उद्या मशीन न्यायला माणसं येतील. सर नुसते "बरं" म्हणाले. संपलं!

९ फेब्रुवारी

टेम्पो आला. सर प्रयोगशाळेच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. "प्रयोग चालू आहे," म्हणाले, "संपला की कळवू."

टेम्पो रिकामा गेला.