तू न पाहिलेलं पिधान

१७ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

'प्रिय' ही हाताची सवय आहे, तिचा अर्थ लावत बसू नकोस. मी बरी आहे. तूही बराच असशील. तुझ्यासारख्यांना काही होत नाही. इथे थंडी पडली आहे आणि वेधशाळेतला हीटर नेहमीप्रमाणे संचालकांच्याच खोलीत चालतो.

परवाच्या बैठकीत काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक. नेपच्यूनच्या पलीकडचा तो बर्फाळ गोळा गेल्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे दिवेलागणीला ताऱ्यासमोरून गेला, तारा क्षणभर झाकला गेला, आणि आमच्या ठिकठिकाणच्या लोकांनी ते पिधान टिपलं. कुणाकडे तारा कधी आणि किती वेळ दिसेनासा झाला, त्या रेघा एकाखाली एक मांडल्या की गोळ्याचा आकार मिळतो. कॉलेजात पोरांना तू हेच शिकवतोस, म्हणून जास्त लिहीत नाही.

आमचं गणित थोडं चुकलं होतं. सगळ्यांकडे तारा अंदाजापेक्षा लवकर विझला. फक्त तुझ्याकडे तो आम्ही आधी कळवलेल्या अगदी छापील वेळेवर विझला! तुझ्यापुरतं आकाश वेगळं होतं का? सगळ्यांच्या आधी आलेख पाठवायची घाई केलीस, तिथेच फसलास. शिवाय तो आलेख इतका गुळगुळीत, की पडद्यावर येताच खसखस पिकली. खरा तारा लुकलुकतो रे. थाप मारायची तर निदान अभ्यास करून मारावी.

"याने दुर्बिणीचं झाकण तरी काढलं होतं का?" असं मीच विचारलं. लोक पोट धरून हसले. संचालकांनी तुझं नाव गटातून काढायला सांगितलं, मी तिथल्या तिथे काढलं. मला मजा आली. आपल्या घटस्फोटाच्या वेळीही एवढी आली नव्हती.

संध्याकाळी बाबांकडे जेवायला गेले आणि तीच गोष्ट रंगवून सांगितली. तुला थापाड्या म्हटलं, बिनकण्याचा म्हटलं. एरवी बाबा हसतात. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"तारा विझला तेव्हा तो माझ्याजवळ होता," ते म्हणाले.

छातीत कळ आली म्हणून त्यांनी तुला फोन केला होता म्हणे. कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण तशीच टाकून तू धावत आलास. लिफ्ट बंद, म्हणून त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरलास. धोका टळला असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत दवाखान्यातल्या बाकावरून हलला नाहीस.

"मला का नाही केला फोन?"

"तू आली नसतीस, बाळा. तारा सोडून."

रागाने नाही म्हणाले. मीठ मागावं तसं म्हणाले.

मी आले असते की नाही, ते या पत्रात लिहिणार नाही. तो प्रश्न तुझा नाही.

मला काही कळू द्यायचं नाही, हे त्यांनीच तुला बजावलं होतं. ठीक आहे, गप्प बसायचंस. 'यंत्र बिघडलं' एवढंही सांगता येत नव्हतं? बाबा म्हणाले, "तू हसशील म्हणून घाबरला असेल." हसले असतेच. मग? म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घेऊन चार मजले उतरणारा माणूस एका बाईच्या हसण्याला भितो, याच्याइतकं केविलवाणं मी काही पाहिलेलं नाही.

आज संचालकांना खरं कारण सांगितलं. ते लगेच विरघळले. "मग घेऊ या का त्याला परत?" मी नाही म्हटलं. खोटी रेघ ती खोटीच. तिच्यामुळे गोळ्याला नसतं टेंगूळ आलं होतं, ते आता गेलं. तुझं नाव परत येणार नाही. पण परवा जे जे हसले होते त्या सगळ्यांसमोर उभं राहून, तू त्या वेळी कुठे होतास तेही मी सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

गटातून काढल्यावर काल तुझ्याकडची बाबांच्या घराची किल्ली तू त्यांच्या शेजारणीकडे ठेवून गेलास, "आता माझं इथे काय काम," असं म्हणून. तुला धड रुसताही येत नाही. किल्ली याच पाकिटात आहे. मुकाट्याने ठेवून घे. पुढच्या पिधानासाठी मी लांब जाणार आहे. फोन जवळ ठेवीन. तरी बाबा आधी तुलाच करतील.

त्यांनी तुलाच करावा.

तुझी कोणी नव्हे,
बाबांची मुलगी