तुमच्या रस्त्यासाठी घेतलेली लष्करी चाकं

मंद्रूप,
आषाढ, सन १९७४

श्रीयुत बसलिंगप्पा व्याही यांच्या सेवेशी शरणप्पाचे शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आपणही खुशाल असाल असं धरून चालतो. (मागच्या भेटीत आपण दोन वेळा खोकलात. पहिला खोकला खरा वाटला. दुसरा, मी महादेवीला माहेरी न्यायचा विषय काढल्यावर आला, हे माझ्या ध्यानात आहे.) सौ. चंद्रव्वा विहीणबाईंचे गुडघे आम्ही पाठवलेल्या तेलानं हलके झाले असतील. झाले नसतील तर दोष तेलाचा नाही, ते लावलंच गेलं नसावं. जावईबापूंना आशीर्वाद सांगावा.

आपला निरोप पोचला. महादेवीला सातवा सरला, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं हे आपल्याला मान्य आहे, पण आपल्या गावचा रस्ता काळ्या रानातून जातो, पावसानं त्याचा राडा झाला आहे, जीप तिथवर येत नाही आणि बैलगाडीचे धक्के पोरीला सोसायचे नाहीत, म्हणून तिला धाडता येत नाही, असा तो निरोप. इतका गोड निरोप मला उभ्या जन्मात कोणी धाडलेला नाही. मी अडतीचा माणूस. समोरचा गोड बोलायला लागला की मी आधी पोत्याच्या तळाशी हात घालतो. पण आपण पडलात व्याही, आपल्या पोत्यात हात घालणं बरं दिसत नाही. म्हणून मी ठरवलं, की व्याह्यांचा शब्द खरा मानायचा, रस्ताच वाईट आहे असं समजायचं आणि त्याचा बंदोबस्त करायचा. रस्ता मला बदलता येत नाही, चाकं बदलता येतात. लेकीला बाळंतपणाला घरी आणायचं, या एका गोष्टीसाठी गेले पंधरा दिवस मी जी वणवण केली तिची हकिगत आपल्याला कळावी (आणि पुढचं कारण शोधायला बसण्याआधी कळावी), म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मागच्या खेपेचं. जीप तुमच्या शिवेवरच्या ओढ्यापाशी रुतली हे तुम्ही पाहिलंच. हवा भरलेला टायर त्या मातीत सरळ आत शिरतो, म्हणून मी चाकांतली हवा कमी केली. हवा कमी असली की टायर पसरतो आणि चिखलावर बसतो, हे मला ठाऊक होतं. हवा कमी झाल्यावर टायरची कड रिंगमधून निसटते, हे ठाऊक नव्हतं. मी जोर लावला, तर रिंग फिरली आणि टायर जागच्या जागी झोपून राहिला. तेवढ्यात तुमची खिलार जोडी हजर. जू, दोर, माणसं, सगळी तयारी. जीप काढून दिलीत, उपकार झाले. पण बसलिंगप्पा, माझी जीप रुतणार हे तुमच्या बैलांना आधीच कसं कळलं होतं? (मी विचारत नाही. नुसतं लिहिलं.) मग घरी नेऊन धपाटी, दही, शेंगांची चटणी, पोटाला तडस लागेपर्यंत वाढलंत. महादेवी दाराआडून म्हणाली, "आप्पा, पाऊस उतरू द्या की, मग बघू." हे बोलणं तिचं नव्हे, तिला कोणीतरी पढवलं आहे, असा मला दाट संशय आला. धपाटी मात्र चांगली होती.

सोलापूरच्या जुन्या बाजारात इमामसाब म्हणून एक जण आहे. लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचे सुटे भाग विकतो. त्यानं मला लष्करी जीपचं चाक दाखवलं. हे चाक एकसंध नसतं. दोन ताटल्या पाठीला पाठ लावून नटांनी आवळाव्यात तसं असतं, आणि टायरच्या आत एक लोखंडी कडं बसतं. ते कडं टायरच्या दोन्ही कडा रिंगेवर दाबून धरतं. मग हवा निम्मी करा नाहीतर आणखी उतरवा, टायर जागा सोडत नाही, असं त्याचं म्हणणं. नटांचे दोन फेर. आतल्या फेरानं चाक गाडीला, बाहेरच्या फेरानं दोन ताटल्या एकमेकींना. "बाहरवाले नटां हवा रैते वखत खोलना नक्को सावकार, चाक मूं पे आता," असं त्यानं बजावलं. जो माणूस विकायच्या आधीच मालाची भीती घालतो त्याचा हेतू काय असावा, याचा मी विचार करत होतो, तोवर तो आपल्या भागीदाराशी कानडीत बोलायला लागला. मी कानडीत खाकरलो. लगेच दोघंही तेलुगूवर गेले. तेलुगू मला येत नाही. संशय पक्का झाला.

मी म्हटलं, बंद चाकाच्या आत कडं आहे की नुसती पोकळी, हे मला कसं दिसणार? चारही चाकं खोलायला लावली. चारहींत कडी निघाली. (याचा अर्थ मी येणार हे त्याला कोणीतरी आधीच कळवलं होतं.) मग मनात आलं, आज दाखवली तीच चाकं उद्या देईल कशावरून? कनवटीला विभूती होती. चारही चाकांवर तीन-तीन बोटं ओढली आणि निश्चिंत मनानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर इमामसाबच्या दुकानातल्या झाडून साऱ्या चाकांवर विभूती! जीपची, ट्रकची, एका मोडक्या हातगाडीची सुद्धा. "आपने लगाये सो देखके अक्कलकोट के गिराइकां बोले, हमकू बी पूजा किये सोच होना," म्हणजे त्यांनाही पूजा केलेलीच चाकं हवीत, असं तो मला सांगत होता आणि भागीदार उरलेल्या चाकांवर शांतपणे बोटं ओढत होता. अडतीत एवढी वर्षं काढली, पण इतक्या भक्तिभावानं केलेली फिरवाफिरव मी पाहिलेली नाही.

म्हणून दुसरा उपाय बघायला एसटीनं टेंभुर्णी गाठली. तिथं हमरस्त्याला कुंडलिक मिस्त्रीचं गॅरेज आहे. हा गृहस्थ जीपच्या साध्या रिंगेलाच भोकं पाडतो आणि टायरच्या कडेत बोल्ट पिळून बसवतो. "उसाच्या रानात घाला की बिनघोर. टायर फाटंल, पर रिंग सोडायचा न्हाय," म्हणाला. टायर फाटणार हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं, की मी सहज त्याच्या स्वतःच्या जीपकडे पाहिलं. ती विटांवर उभी. चाकंच नाहीत. विचारलं तर म्हणतो, "तिची चाकं सोलापुरात इमामसाबकडं धाडल्यात. बदलून लष्करी बसवायची हायत." आता याला काय म्हणावं? गिऱ्हाइकाला एक आणि स्वतःला एक! शिवाय दोघांची ओळख निघाली ती निघालीच. यानं त्याच्या मालाला नावं ठेवली असती तर मी समजून घेतलं असतं. नावाजलं, म्हणजे आतून संगनमत आहे.

तरी पुन्हा इमामसाबकडेच आलो, कारण पोरीचे दिवस काही माझी चौकशी संपेपर्यंत थांबणार नव्हते. चाकं परत खोलायला लावली. कड्यांची जाडी सुतळीनं मोजली, नट वाजवून पाहिले, एक कडं वास घेऊनही पाहिलं. (लोखंडाला कसला वास यायला हवा हे मला माहीत नाही, पण येत नव्हता.) शेवटी इमामसाबनं पाना खाली ठेवला आणि हात जोडले. "जाव सावकार. आपकू नै बेचता. दुसरे के पास से लेव." हे ऐकलं मात्र, माझा त्याच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. जो विकायला नाही म्हणतो त्याचा माल खराब कसा असेल? मी तिथल्या तिथं चाकं घेतली आणि जीपला बसवली. मंद्रूपच्या वेशीत शिरताना मनात आलं, की नाही म्हणणं हीच त्याची विकायची रीत असेल तर? पण तोवर उशीर झाला होता.

परवा आमच्या तुरीच्या रानात चाचणी घेतली. विहिरीचं पाणी सोडून हुबेहूब तुमच्यासारखा रस्ता तयार केला. मागच्या सीटवर आमच्या जाड सोलापुरी चादरींच्या घड्या घातल्या आणि त्यांवर, महादेवीच्या जागी, काठोकाठ भरलेली ताकाची घागर ठेवली. चाकांतली हवा निम्म्यावर आणली. जीप पहिल्या दमात पलीकडे गेली, टायर जागचा हलला नाही आणि ताकही सांडलं नाही. (थोडं सांडलं, पण ते घागर ठेवतानाच.) पहिल्या दमात जमलेल्या गोष्टीवर माझा भरवसा नसतो, म्हणून दिवस मावळेपर्यंत खेपा घातल्या. तुरीचा एक पट्टा गेला. आमची सौ. दानम्मा बांधावर उभी राहून सगळं बघत होती. तूर गेली तरी ती एका शब्दानं बोलली नाही, तेव्हा तिच्याही मनात काहीतरी आहे असं मला वाटून गेलं.

असो. येत्या सोमवारी मी जीप घेऊन येतो. रस्त्याचं कारण निकालात निघालं. धक्क्यांचं म्हणाल तर ताक साक्षीला आहे. दिवस चांगला नाही म्हणाल तर सोमवार आहे, शिवाचा वार. पोरीचीच यायची इच्छा नाही असं मात्र कृपा करून सांगू नका, ते मी खरं मानणार नाही.

विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद, बैलांना माझ्यातर्फे पेंड.

आपला व्याही,
शरणप्पा

ता. क. — वर लिहिताना भीड पडली, ती इथं सोडतो. रस्ता हे निमित्त आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटतं. विहीणबाईंना सुनेच्या हातच्या भाकरीची सवय झाली आहे, आपल्याला घरात वाद नको आहे, म्हणून आपण पावसाच्या आड बसला आहात. ती माझी मुलगी आहे. तिला धाडा.

ता. क. दुसरा — पत्र पाकिटात घालण्याआधी दानम्माला वाचून दाखवलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "ते रस्त्याचं पोरीनंच सांगाया लावलंय. ओटी भराया गेले तवाच मला बोलली. थोरल्या सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला तुमी काय काय केलं, ते तिनं बघितलंय न्हवं?" काय केलं होतं मी? बाळंतिणीचं प्रत्येक औषध आधी स्वतः पिऊन पाहिलं. (त्यानं मीच आडवा झालो, त्यामुळे नर्सबाईंवर लक्ष ठेवायचं राहून गेलं.) सुईणीला म्हटलं, तुझ्या हातून जन्मलेली दोन-चार पोरं आणून दाखव. काळजीपोटीच केलं ना हे सगळं? यात वावगं काय, ते मला अजून कळत नाही. पण महादेवी आईला म्हणाली म्हणे, "अव्वा, कळा मी सोसंन. पर आप्पा दारात बसल्यावर मला कण्हायची बी भीती वाटंल. कळा खऱ्या हायत का म्हणून इचारतील की."

आपण हसाल. मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, बसलिंगप्पा, फार वाईट वाटलं. आणि आपण माझ्या लेकीसाठी माझ्याशी खोटं बोललात, माझ्या नजरेत वाईट झालात, पण तिचं नाव घेतलं नाहीत. वरचा ता. क. खोडायला हवा होता. पण खाडाखोड केलेल्या पत्रावर मी स्वतः कधी विश्वास ठेवत नाही, म्हणून तसाच राहू दिला आहे. आपण तो वाचू नये.

ता. क. तिसरा — सोमवारी जीप दानम्माचा भाऊ आणील, दानम्मा बरोबर असेल. मी येत नाही. बाळंतपण होईपर्यंत मी सोलापूरला अडतीवरच मुक्काम करतो. घरात तिची आई आणि थोरली सून. सुईण कोण, औषध कसलं, मी काही विचारणार नाही, एवढं तिला सांगा. आणि माझ्या वतीनं एकच विचारा, की बाळ झाल्यावर आप्पाला बघायला बोलावशील का? ती हो म्हणाली, तर तुमच्या भिडेनं म्हणाली की मनापासून, ते तिच्या तोंडाकडे नीट बघून मला कळवा. तुम्ही कळवाल ते मी खरं धरीन.