खिंडीतला संकल्प

चोकेकिरावच्या वाटेवर, पेरू

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

इंका लोकांचं ओसाड नगर बघायला तीन दिवस चालतोय. गुडघे केव्हाच माणगावला परत गेले, मी तेवढा पुढे आलोय. इथे टपालपेटी नाही, आणि असती तरी हे पत्र टाकायचा मला धीर नाही.

आज खिंडीत वाटाड्या सातुर्निनो थांबला. दगडाखाली कोकाची तीन पानं ठेवून म्हणाला, "कोण, कुठून आलात ते डोंगराला आपापल्या भाषेत सांगा. मग पुढे."

माझ्या तोंडून थेट पूजेचा संकल्प निघाला. 'जंबुद्वीपे' म्हणालो आणि अडलो. हे द्वीप कुठलं ते आपल्या गुरुजींनी शिकवलंच नव्हतं.

"सावकाश," सातुर्निनो म्हणाला. "डोंगराला घाई नाही."

आईच्या पहिल्या श्राद्धाला 'ही पुटपुट मला जमणार नाही' म्हणून मी पाटावरून उठलो, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आपण बोललेलो नाही. आज गोत्र दोनदा सांगितलं, कारण ते तुझंही आहे.

यंदा श्राद्धाला हरिहरेश्वरी येतो. दर्भाचं पवित्रक कुठल्या बोटात घालायचं ते तू सांग. मला ठाऊक आहे, तरी सांग.

दमलेला,
तुझा दादा