ओजससाठी दारूचं शिंग

१८ जून
दोन शिंगं मिळाली! हारूनने आणली — इथल्या, आखातातल्या आमच्या वर्कशॉपचा वेल्डर. त्याच्या मेव्हण्याकडे ईदला बैल कापला. "ले बहन, खलास! अब बता, करेगी क्या?" सांगितलं, भावाला बंदुकीची दारू ठेवायला शिंग करणार. हसत सुटला. हसू दे.

ओजसला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळालाय. शेतात डुकरं येतात म्हणून. आमच्या वाडीत पहिला! आजवर बंदुका खोताकडे आणि रान उठवायला आम्ही. आणि हा वेडा दारू ठेवतो कोल्ड्रिंकच्या बाटलीत! आजोबा अख्ख्या गावाला शिंगं करून द्यायचे. शिकाऱ्याच्या कमरेला आमचं शिंग, आणि आजोबा अंगणाबाहेर उभे.

१९ जून
वडिलांना, आबांना फोनवर सांगितलं. चुकलंच. "माझ्या घरात शिंग येणार नाही गो बाय. ढोरांची कामं सोडली ती सोडली." म्हटलं, आबा, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, हातातली कला कशाला सोडायची? फोनच ठेवला त्यांनी. आबा रिटायर मास्तर. खडूशिवाय हातात काही धरलेलं मी पाहिलं नाही. त्यांना काय कळणार त्यातलं!

करणारच.

२१ जून
शुक्रवार, सुट्टी. शिंगं दोन तास उकळली, आतलं हाड सुटावं म्हणून. खिडक्या बंद, एसी चालू — काय ही अक्कल! वास सगळ्या बिल्डिंगभर. वरच्या मजल्यावरच्या हेमावहिनी दारात, नाकाला ओढणी. "अगं श्रावस्ती, काय मेलेलं शिजवतेयस?"

हे वाक्य आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. बाईंना माहीत नसेल. असेलही. मी दार सताड उघडलं. "शिंग आहे, वहिनी. माझ्या आजोबांचं काम. या ना, बघा." आल्या नाहीत.

२४ जून
एक शिंग वाया गेलं. टोकातून ड्रिल सरळ घातलं, शिंग आत वळलेलं — भोक बाजूने बाहेर! दिवसभर कंपनीत मापाची गेज तपासते, केसाएवढा फरक पकडते, आणि घरी सगळं अंदाजपंचे. रडले. उज्ज्वल म्हणाला, "आधी तार घालून बघायचं ना, पोकळी कुठवर जाते ते." आता सुचतंय नवऱ्याला!

२५ जून
आबांचा फोन नाही.

२८ जून
दुसऱ्या शिंगात तार घातली, बाहेरून खूण केली, मग ड्रिल. जमलं!! रुंद तोंडाला लाकडाचं बूड — हारूनने बंदरावरून पॅलेटची फळी आणली होती. शिंग गरम पाण्यात मऊ केलं, बूड आत ठोकलं, थंड होताना घट्ट आवळलं. कडेने लाकडाच्याच खुंट्या. लोखंड नको, ठिणगीची भीती. फटींत मेण.

५ जुलै
रोज काचेच्या तुकड्याने तासतेय. बोटं सोलली. आतली दारू बाहेरून दिसावी इतकं पातळ व्हायला हवं. आज आजोबांचं नाव घालून सुईने कोरलं, काजळ भरलं — "पांडुरंगाच्या नातीनं केलं". गावातल्या एकाही शिंगावर करणाऱ्याचं नाव नव्हतं. उज्ज्वल म्हणाला, "आबा अजून चिडतील." चिडू देत!

सोळा दिवस बोलले नाहीत. जेवताना फोन उलटा ठेवते. मग परत सरळ करते. माझे आबा आहेत ते, मला त्यांचा आवाज हवाय. पण नाव खरवडणार नाही.

१० जुलै
उज्ज्वल लिव्हवर गावी गेला. शिंग बॅगेत, त्याच्या शर्टात गुंडाळून. "घरात घेतलं नाही तर?"
"पडवीत ठेव. पावसात ठेव. परत आणायचं नाही!"

१३ जुलै
ओजसचा फोन. आबांनी शिंग हातात घेतलं. खिडकीशी नेलं, उजेडाला धरलं, बराच वेळ अंगठा फिरवला. म्हणाले, "जाड राहिलंय. मी करायचो तेव्हा याच्या निम्मं ठेवायचो. नाव बापसाचं व्हायचं."

मी, म्हणाले आबा. मी!